बऱ्या दिवशी हात राखून

वाचक भगिनीचे पत्र

मी फोंडा तालुक्यातील ६२ वर्षांची निवृत्त प्राथमिक शिक्षिका आहे. मधुमेहाला अकरा वर्षे झाली. रक्तदाब आणि थायरॉइड त्याआधीपासून आहेत आणि गेल्या काही वर्षांपासून दोन्ही गुडघ्यांची झीज सांगितली आहे. मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड, अम्लोडिपिन आणि थायरॉक्सिन या गोळ्या चालू आहेत. देवळात भजनाला खाली बसले की उठताना खांबाचा नाहीतर कोणाच्या तरी हाताचा आधार घ्यावा लागतो, म्हणून हल्ली मी मागे खुर्चीवरच बसते. पाच किलो तांदळाची पिशवी दुकानातून घरापर्यंत आणवत नाही. मुलाने ताकदीच्या व्यायामांचा व्हिडिओ पाठवला होता. एक दिवस अंग हलके वाटत होते म्हणून त्यातले सगळे व्यायाम केले, तर उजवा गुडघा चार दिवस सुजून राहिला आणि मी नाद सोडला. शेजारच्या वहिनी म्हणतात, वजन उचलले की प्रेशर चढते. यजमान म्हणतात, या वयात चालणे पुरे. डॉक्टरांनीही चालायलाच सांगितले होते आणि घरकाम तर मी दिवसभर करतेच. माझ्यासारखीने वजने उचलावीत का? उचलायची असतील तर जिममध्ये जावे लागेल का?

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर होय असे आहे. वजने उचलावीत, आणि तुम्ही पत्रात सांगितलेली दुखणी आहेत म्हणूनच उचलावीत. मात्र किती उचलायचे, कसे उचलायचे आणि कोणत्या दिवशी किती थांबायचे, याचा हिशेब तुम्हाला निरोगी माणसापेक्षा अधिक काटेकोरपणे ठेवावा लागेल. तुमचा गुडघा सुजला, कारण अंग हलके वाटत असलेल्या एका दिवशी तुम्ही त्याच्याकडून सवयीच्या कितीतरी पट काम एकदम करून घेतलेत. जुनाट दुखणी असलेल्या माणसांचा व्यायाम सुटतो तो बहुधा अशाच बऱ्या दिवसामुळे, आणि म्हणून या उत्तरात मी त्या दिवसाविषयी अधिक लिहिणार आहे. त्याआधी वहिनींच्या, यजमानांच्या आणि डॉक्टरांच्या म्हणण्याचा क्रमाने विचार करू.

जेवणानंतर रक्तात आलेली साखर इन्सुलिनच्या साहाय्याने शरीरात जिथे जिथे शोषली जाते, तिथे सर्वांत मोठा वाटा हाडांना जोडलेल्या स्नायूंचा असतो. टाइप २ मधुमेहात हे स्नायू इन्सुलिनला पुरेसा प्रतिसाद देत नाहीत. परंतु स्नायू जोर लावून आकसतो तेव्हा साखर आत घेण्यासाठी तो इन्सुलिनवर अवलंबून राहत नाही. पेशीच्या आत असलेली साखरवाहक प्रथिने त्या आकसण्यामुळेच पेशीच्या पृष्ठभागावर येतात. व्यायाम संपल्यावरही साधारण एक-दोन दिवस स्नायूंचा इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारलेला राहतो. उलट बाजूने पाहिले तर तिशीनंतर स्नायू हळूहळू घटत जातात, साठीनंतर हा वेग वाढतो, आणि स्नायू घटले म्हणजे साखर साठवण्याची जागाच आक्रसत जाते. तुमचा प्रश्न तुमच्या एकट्या घरचा नाही. भारतीय वैद्यकीय अनुसंधान परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत प्रौढांमधील मधुमेहाचे प्रमाण गोव्यात २६.४ टक्के, म्हणजे देशात सर्वाधिक आढळले. देशाचे एकूण प्रमाण ११.४ टक्के होते. ज्या राज्यात चार प्रौढांमागे एकाहून अधिक जणांना मधुमेह आहे, तिथे स्नायूंची ताकद हा विषय तरुणांच्या आरशापुरता राहू नये, असे मला मनापासून वाटते.

डॉक्टरांनी चालायला सांगितले ते योग्यच होते आणि चालणे तुम्ही सोडू नये. परंतु चालण्याने हृदय, फुप्फुसे आणि रक्तवाहिन्यांना जेवढा लाभ होतो तेवढा मांड्या, नितंब, पाठ आणि दंड यांच्या ताकदीला होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत उच्च रक्तदाब आणि टाइप २ मधुमेह असलेल्या प्रौढांचा स्वतंत्र विचार केला आहे. त्यांनाही आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम गतीच्या हालचालीबरोबरच किमान दोन दिवस सर्व मोठ्या स्नायूंचे ताकदीचे व्यायाम सांगितले आहेत. आपल्याकडे याला आणखी एक व्यावहारिक कारण आहे. जून ते सप्टेंबर गोव्यात बाहेर चालणे वरचेवर बंद पडते, चिऱ्याच्या पायऱ्यांवर आणि वाटांवर शेवाळ धरते, आणि पाय घसरून पडण्याच्या भीतीने साठीपुढची माणसे घरातच बसतात. ताकदीचा व्यायाम छपराखाली, खुर्ची आणि भिंत यांच्या आधाराने होतो, त्यामुळे तो पावसात खंडित व्हायचे कारण नाही.

घरकामाविषयी थोडे वेगळे सांगावे लागेल, कारण ते कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. केर काढणे, भांडी, स्वयंपाक, अंगण या कामांनी माणूस दमतो आणि एका जागी बसून राहण्यापेक्षा ते शतपटीने बरे. परंतु स्नायूची ताकद वाढते ती सवयीपेक्षा किंचित जास्त भार पडल्यावर, आणि तो भार सावकाश वाढवत नेल्यावर. वीस वर्षे तीच घागर उचलणाऱ्या हाताला त्या घागरीची सवय झालेली असते. म्हणूनच दिवसभर कामात असलेल्या बाईलाही खालून उठताना खांबाचा आधार लागू शकतो, आणि त्यात तिच्या कष्टांचा काही दोष नसतो.

आता प्रेशरची भीती. ती निराधार नाही, तिला एक खरा आधार आहे. १९८५ साली कॅनडातील संशोधकांनी शरीरसौष्ठवपटूंच्या धमनीत नळी घालून, ते दोन्ही पायांनी जवळजवळ कमाल वजन रेटत असताना रक्तदाब मोजला. त्या क्षणी तो सरासरी ३२०/२५० पर्यंत गेला होता. मात्र ते वजन त्यांच्या ताकदीच्या टोकाचे होते, ते थकून थांबेपर्यंत रेटले जात होते आणि रेटताना श्वास कोंडला जात होता. हलके ते मध्यम वजन श्वास चालू ठेवून उचलले तर रक्तदाब तेवढ्यापुरता थोडा वाढतो आणि लगेच खाली येतो. आणि काही महिने नियमाने केले तर विश्रांतीच्या वेळचा रक्तदाब काही अंकांनी कमी होतो, हे अनेक चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासांतून दिसले आहे. त्यामुळे तुमच्यासाठी नियम असा: जोर लावताना श्वास सोडायचा, परत येताना घ्यायचा, आणि हे लक्षात राहत नसेल तर प्रत्येक वेळचा आकडा मोठ्याने उच्चारायचा, कारण बोलणाऱ्याला श्वास कोंडता येत नाही. वर्गात पाढे म्हणून घेण्यात आयुष्य गेलेल्या तुम्हाला हे जड जाणार नाही. विश्रांतीच्या वेळी वरचा रक्तदाब १८० किंवा खालचा ११० च्या पुढे असेल, त्या दिवशी व्यायाम करू नये आणि डॉक्टरांना कळवावे. अम्लोडिपिनसारख्या रक्तदाबाच्या गोळीमुळे काहींना झटकन उठल्यावर गरगरते, म्हणून झोपून करायच्या व्यायामानंतर क्षणभर बसून मगच उभे राहा.

बरा दिवस आला की आपण काय करतो ते पाहा. आठ दिवस गुडघा कुरकुरत असतो, रात्री झोप नीट लागत नाही, मग एका सकाळी अंग हलके असते. साचलेली सगळी कामे आठवतात, व्यायामही आठवतो, आणि गेल्या आठ दिवसांची भरपाई त्याच दिवशी करावीशी वाटते. स्नायू, कंडरा (स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या पट्ट्या) आणि सांधे यांना मात्र तुमची मनःस्थिती कळत नाही. काल शून्य होते आणि आज एकदम शंभर आले, एवढेच त्यांना कळते. मग सूज, मग विश्रांती, विश्रांतीत आणखी अशक्तपणा, आणि पुढचा बरा दिवस उगवतो तेव्हा सुरुवात आधीपेक्षा खालून करावी लागते. असे तीन-चार वेळा झाले की माणूस स्वतःविषयी निष्कर्ष काढून मोकळा होतो, ‘मला व्यायाम सोसत नाही’. तुम्ही पत्रात हेच वाक्य वेगळ्या शब्दांत लिहिले आहे, आणि ते खरे नाही, हे तुम्हाला पटावे अशी माझी फार इच्छा आहे.

म्हणून बऱ्या दिवशी हात राखून करा. ज्या क्षणी वाटेल की आणखी तीन-चार वेळा आरामात जमले असते, त्याच क्षणी थांबा. वाईट दिवशी, म्हणजे गुडघा नेहमीपेक्षा जास्त ठणकतो किंवा झोप झालेली नाही अशा दिवशी, निम्मे करा, पण करा. पाच वेळा उठण्याऐवजी दोनदा, किंवा गुडघ्याचे सगळे सोडून फक्त हातांचे. अगदी न करण्याचे दिवस वेगळे आहेत: ताप, उलट्या-जुलाब, गुडघा गरम आणि फुगलेला, छातीत अस्वस्थता, किंवा शुगर हाताबाहेर गेलेली. चुकलेल्या दिवसाची भरपाई कधीही करायची नाही. मंगळवारचा व्यायाम राहिला तर शुक्रवारी शुक्रवारचाच करायचा. आणि घरकामालाही भार म्हणून मोजायचे. चवथीच्या आधी घर धुऊन काढले, माटोळीचे, म्हणजे गणपतीवर बांधायच्या फळापानांच्या छताचे, सामान हलवले, मोठी भांडी खाली काढली, तर त्या दिवशीचा व्यायाम झाला असे समजावे. बायकांच्या व्यायामाचे वेळापत्रक सणावारांत मोडते, कारण कोणीही हे काम मोजत नाही, आणि ते मोजले नाही तर दुप्पट भार पडून पुन्हा गुडघाच भोगतो.

गुडघ्याच्या दुखण्याला शून्य ते दहा असे गुण द्या. व्यायाम करताना दुखणे चार-पाच गुणांपर्यंत गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीच्या पातळीवर आले, तर झीज वाढली असे समजू नका, त्याच मात्रेने पुढे चला. दुसऱ्या दिवशीही वाढलेले राहिले किंवा सूज आली, तर पुढच्या वेळी मात्रा कमी करा. व्यायाम बंद करू नका. ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेची २०२२ ची मार्गदर्शिका झिजेच्या संधिवातात स्नायू बळकट करणारा व्यायाम हा मुख्य उपचारांत धरते आणि सुरुवातीला दुखणे थोडे वाढू शकते, हे रुग्णाला आधीच सांगावे असेही म्हणते. मांडीच्या पुढचा स्नायू बळकट असला तर पायरी उतरताना सांध्यावर येणारा धक्का तो स्वतः पेलतो. स्नायू दुखणे मात्र वेगळे ओळखा: नव्या व्यायामानंतर एक ते तीन दिवस मांडीत किंवा दंडात दोन्ही बाजूंना सारखे जडपण येते आणि आपोआप जाते.

प्रत्यक्ष सुरुवात अशी करा. आठवड्यातून दोन दिवस निवडा, मध्ये किमान एक दिवस मोकळा राहील आणि त्यांत उपवासाचा वार येणार नाही असे. पहिल्या दिवशी व्यायाम न करता फक्त एक मोजणी करा. हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, दोन्ही हात छातीवर घडी घालून बसा आणि अर्ध्या मिनिटात किती वेळा पूर्ण उभे राहून पुन्हा बसता येते ते मोजा. साठ ते चौसष्ट वर्षांच्या स्त्रियांमध्ये बारापेक्षा कमी आकडा सरासरीखालचा मानला जातो. हाताचा आधार घ्यावाच लागला तर ‘आधार घेऊन’ असे वहीत लिहून ठेवा. त्यात कमीपणा नाही, तुमची सुरुवात तिथून आहे एवढेच.

उठबस हाच तुमचा मुख्य व्यायाम राहील, कारण तुमची अडचण नेमकी तीच आहे. खुर्चीवर जाड उशी ठेवून बैठक उंच करा, पाय खांद्यांइतके अंतर ठेवून घट्ट टेकवा, पुढे झुका आणि श्वास सोडत उभ्या राहा. खाली बसताना धपकन न बसता तीन अंक मोजत बसा. ताकद वाढवण्यात या सावकाश बसण्याचा वाटा मोठा असतो आणि घाईत आपण तोच वगळतो. गुडघे आतल्या बाजूला कलू देऊ नका. पाच वेळा, मग दोन मिनिटे विश्रांती, मग पुन्हा पाच वेळा, एवढेच पहिल्या दोन आठवड्यांत. हळूहळू दहा-बारापर्यंत न्या. व्यायामाच्या लागोपाठच्या दोन दिवशी बारा सहज जमले की उशी काढा. त्यानंतर हातात एक लिटर पाण्याची भरलेली बाटली धरा, म्हणजे एक किलो वजन झाले. एका वेळी एकच गोष्ट वाढवायची, संख्या तरी किंवा वजन तरी.

त्याच्या जोडीला चार सोपे व्यायाम पुरतील. स्वयंपाकघरातील ओट्याला धरून टाचा सावकाश उचलणे आणि टेकवणे. भिंतीपासून हातभर दूर उभे राहून, तळवे भिंतीला टेकवून, कोपर वाकवत छाती भिंतीकडे नेणे आणि परत ढकलणे. खिडकीच्या मजबूत गजाला व्यायामाचा रबरी पट्टा अडकवून, तो दोन्ही हातांनी पोटाकडे ओढणे आणि पाठीची पाती एकमेकींकडे आणणे. पलंगावर पाठीवर झोपून, गुडघे उभे करून कंबर वर उचलणे. प्रत्येकी आठ ते बारा वेळा, आधी अशी एकच फेरी, महिन्यानंतर दोन फेऱ्या. सगळे मिळून पंचवीस-तीस मिनिटे लागतील.

तांदळाच्या पिशवीसाठी वेगळा सराव करा. दोन कापडी पिशव्यांत प्रत्येकी एक किलो तांदूळ भरून, पाठ सरळ ठेवून, घरातल्या घरात एक मिनिट चाला. दर आठवड्याला-दोन आठवड्यांनी पिशवीत पाव किलो वाढवा. दोन्ही हातांत अडीच-अडीच किलो झाले की तुमची पाच किलोची खरेदी जमली, फक्त दुकानदाराला दोन पिशव्यांत द्यायला सांगा. शेवटी थोडा तोलाचा सराव ठेवा: ओट्यावर बोटे टेकवून, एका पायाची टाच दुसऱ्याच्या बोटांपुढे ठेवून दहा सेकंद उभे राहणे, मग पाय बदलणे.

देवळातल्या जमिनीवरून उठण्याविषयी मी तुम्हाला खरे तेच सांगतो. झिजलेल्या गुडघ्यांना तासभर मांडी घालून बसणे पुन्हा सुखाचे होईलच असे वचन कोणी देऊ नये. परंतु कोणाच्या हाताशिवाय जमिनीवरून उठता येणे, हे बहुतेकांना साध्य होते. खुर्चीवरून उशीशिवाय दहा वेळा उठता येऊ लागले की, जाड रजईवर, शेजारी खुर्ची ठेवून हा सराव सुरू करा: आधी एका कुशीवर, मग हातांवर आणि गुडघ्यांवर, मग बरा पाय पुढे टेकवून, हात खुर्चीच्या बैठकीवर ठेवून उभे राहणे. आठवड्यातून दोनदा, दोन-तीन वेळाच. पहिल्या काही वेळा घरातले कोणी जवळ असू द्या. कधी पडलातच तर स्वतः उठता येणे किती मोलाचे असते, हे एकट्याने राहणाऱ्या वृद्धांना विचारावे.

तुमच्या गोळ्यांमध्ये ग्लिमेपिराइडकडे विशेष लक्ष द्यावे लागेल. मेटफॉर्मिन एकट्याने सहसा शुगर फार खाली नेत नाही, ग्लिमेपिराइड नेऊ शकते. व्यायामाआधी ग्लुकोमीटरवर शुगर पाहा; १०० पेक्षा कमी असेल तर एखादे केळे किंवा पोळीचा तुकडा खाऊन थोड्या वेळाने सुरू करा. २५० च्या वर असेल आणि बरेही वाटत नसेल, तर त्या दिवशी थांबा. कापरे, धडधड, अचानक भूक, गोंधळल्यासारखे होणे आणि गार घाम ही शुगर उतरल्याची लक्षणे आहेत. आपल्या दमट हवेत, विशेषतः एप्रिल-मे महिन्यांत, घाम तसाही येतच असतो, त्यामुळे या लक्षणाकडे दुर्लक्ष होते. शंका आली की अंदाज न बांधता मोजा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. व्यायामाचा परिणाम काही तासांनीही होतो, म्हणून सुरुवातीचे आठवडे व्यायाम संध्याकाळी उशिरा न करता सकाळच्या न्याहारीनंतर तासाभराने करा. एकादशीला रताळे-साबुदाणा खाल्ला तरी गोळीचे आणि जेवणाचे नेहमीचे गणित बदललेले असते, त्या दिवशी फक्त हलके चालणे ठेवा.

सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना चार गोष्टी विचारा. बाहुली मोठी करून डोळ्यांचा पडदा गेल्या वर्षभरात तपासला आहे का. कारण पडद्यावर नाजूक नव्या रक्तवाहिन्या तयार झाल्या असतील, तर जोर लावणे आणि डोके खाली करणे धोक्याचे असते आणि आधी त्यावर उपचार लागतात. तळपायांची संवेदना शाबूत आहे का. नसेल तर घरातही चप्पल-बूट घालून व्यायाम करावा आणि नंतर तळवे पाहावेत. मूत्रपिंडांची स्थिती कशी आहे, आणि थायरॉइडची मात्रा बरोबर आहे का. थायरॉइड कमी पडत असेल तर स्नायू आखडतात आणि दुबळे होतात, आणि मग माणूस उगाच व्यायामाला बोल लावतो. छातीत दडपण, जबड्याकडे किंवा हाताकडे जाणारी कळ, अकारण दम लागणे किंवा भोवळ आली, तर जागीच थांबा आणि १०८ ला फोन करा.

मूत्रपिंडांविषयी विचारायला सांगितले, ते आहारासाठीही आहे. ती ठीक असतील तर तुमच्या वयात शरीराच्या दर किलो वजनामागे साधारण एक ग्रॅम प्रथिने रोज मिळावीत. ठीक नसतील तर प्रमाण डॉक्टर ठरवतील. सकाळी पेज आणि लोणचे, दुपारी भाताचा डोंगर आणि कढी, अशा जेवणात प्रथिने फारच थोडी असतात. बांगडा, तारले, अंडी, मुगागाठी, अळसांद्याचे तोणाक, कुळीथ, ताक यांपैकी काहीतरी प्रत्येक जेवणात असू द्या आणि तेवढा भात कमी करा. श्रावणात आणि जून-जुलैच्या मासेमारीबंदीत कडधान्यांवर भर द्या. सुक्या मासळीवर नको, कारण तिच्यातले मीठ तुमच्या रक्तदाबाला मानवणार नाही. प्रथिनांची पावडर विकत आणण्याची गरज नाही.

यजमानांना १९९० साली बोस्टनमधून प्रसिद्ध झालेला एक अभ्यास जरूर सांगा. वृद्धाश्रमात राहणाऱ्या, सरासरी नव्वद वर्षे वयाच्या दहा जणांना आठ आठवडे मांड्यांचा ताकदीचा व्यायाम दिला गेला, तोही चांगल्यापैकी जड. त्यांतल्या अनेकांना संधिवात, हृदयविकार, रक्तदाब अशी दुखणी होती. ज्या नऊ जणांनी तो पूर्ण केला त्यांची पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. दहा ही संख्या लहान आहे, पण त्यानंतरच्या मोठ्या अभ्यासांनीही उतारवयात स्नायू कमावता येतात हेच दाखवले आहे. यजमानांची काळजी मनापासूनची असेल, तर त्यांनाच शेजारी खुर्ची घेऊन बसवा. पुरुषांच्या मांड्याही साठीनंतर घटतातच.

आणखी एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, तरी पत्रात आहे. भजनाला पुढे बसणारी बाई मागे खुर्चीवर गेली की हळूहळू भजनाला जाणेच कमी होते. कोणी तसे सांगितलेले नसते, पण आपल्याला हात द्यावा लागतो याचा संकोच वाढत जातो. २०१८ साली ३३ चाचण्या एकत्र करून झालेल्या अभ्यासात ताकदीच्या व्यायामाने खिन्नतेची लक्षणे कमी होतात असे दिसले, आणि प्रकृती कशी आहे किंवा ताकद किती वाढली यावर तो लाभ अवलंबून नव्हता. म्हणजे आकडे सावकाश वाढले तरी मनाला उभारी मिळू शकते. तोपर्यंत खुर्चीवर बसूनच, पण पुढे बसा.

जिम आवश्यक नाही. पहिल्या दोन-तीन भेटी एखाद्या फिजिओथेरपिस्टकडे घेऊन उठबस आणि पट्ट्याचा व्यायाम बरोबर होतो का हे पाहून घ्या; बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयातही फिजिओथेरपी विभाग आहे. पुढे हौसेने जिममध्ये जावेसे वाटले तर खुशाल जा, मात्र दुखण्यांची आणि गोळ्यांची यादी प्रशिक्षकाला लिहून द्या, आणि जो पहिल्याच दिवशी घाम काढण्याची भाषा करील त्याच्याकडे दुसऱ्या दिवशी जाऊ नका.

वहीत दर वेळी तारीख, व्यायामाआधीची शुगर, किती वेळा केले आणि दुसऱ्या दिवशी सकाळचे गुडघ्याचे गुण एवढेच लिहा. दर सहा आठवड्यांनी खुर्चीची मोजणी पुन्हा करा; पहिल्या महिना-दीड महिन्यात मांडी भरलेली दिसणार नाही, तरी आकडा वाढेल, कारण आधी मज्जातंतू स्नायूंकडून अधिक काम करून घ्यायला शिकतात. पुढच्या तपासणीला ती वही डॉक्टरांपुढे ठेवा. व्यायामाआधीची शुगर वारंवार शंभराच्या आसपास येऊ लागली असेल तर ते ग्लिमेपिराइडची मात्रा कमी करण्याचा विचार करतील. तो निर्णय त्यांनाच घेऊ द्या, स्वतःहून गोळी अर्धी करू नका.